अपडेट आलं की ॲपमधले आयकॉन पुन्हा मुके का होतात?

"मागच्या महिन्यापर्यंत सगळं बोलत होतं. परवा अपडेट घेतलं आणि फोन परत 'अनलेबल्ड, बटन' म्हणायला लागला."

स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांकडून ही तक्रार येते. डेव्हलपर त्या एका बटनाला नाव लावतो, तक्रार बंद होते आणि पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तीच तक्रार दुसऱ्या बटनाबद्दल येते. इंदूरमध्ये रहिवासी संघ, पॅथॉलॉजी लॅब, क्लासेस, पतसंस्था यांच्यासाठी छोटी ॲप करणारे आपण बरेच जण आहोत, आणि हा त्रास जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला आलेला आहे. दुरुस्ती होते, पण टिकत नाही. ती का टिकत नाही आणि टिकण्यासाठी काय करावं लागतं, ते सविस्तर लिहिते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ॲप समोर ठेवू. राजेंद्र नगराच्या बाजूच्या एका रहिवासी संघाचं. त्यात टँकरची वेळ, मेंटेनन्सची बाकी, गणेशोत्सवाच्या सूचना आणि इंदूर म्हटल्यावर अर्थातच कचरा. आपल्याकडे घरातूनच कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत जातो: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक. ॲपमध्ये त्यासाठी सहा डबे काढलेले होते. आकार एकच, रंग सहा. दिसायला देखणं पान होतं.

संघातले एक सर, निवृत्त संगीतशिक्षक, पूर्ण अंध आहेत आणि फोन टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर वापरतात. त्यांनी त्या पानावर बोट फिरवलं तेव्हा फोन म्हणाला, "डबा, चित्र. डबा, चित्र. डबा, चित्र." असं सहाव्या डब्यापर्यंत. सर म्हणाले, "अगं, डबे सहा आहेत एवढं कळलं. पण कुठला कशाचा ते कसं कळायचं?" त्याच संघातल्या एका काकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यांना सहातले तीन डबे सारखेच वाटत होते. दोघांची अडचण वेगळी, पण मूळ एकच. कुठला डबा कशाचा, ही माहिती फक्त चित्रात होती, आणि चित्रातही फक्त रंगात.

आधी कान लावा

कोडमध्ये हात घालण्यापूर्वी ते पान ऐका. अँड्रॉइडवर टॉकबॅकचा शॉर्टकट सेटिंगमध्ये चालू केला की आवाजाची दोन्ही बटनं तीनेक सेकंद एकत्र दाबून तो सुरू होतो. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो, दोनदा टॅप केलं की तो दाबला जातो. वेबसाइट असेल तर विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. मायकल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ पासून उभं केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात मराठी आवाजही मिळतो. स्क्रीनकडे न बघता ऐका. बघत ऐकलं तर डोळे मदत करतात आणि दोष निसटतो.

काय ऐकू येतं त्यावरून कारण बरंचसं कळतं. "अनलेबल्ड" म्हटलं तर बटनाला नावच नाही. "आयसी डिलीट चोवीस" असलं काही ऐकू आलं तर वेबवरच्या चित्राला आल्ट मजकूर (चित्राऐवजी वाचायचे शब्द) नाही, म्हणून स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतोय. एकच गोष्ट दोनदा ऐकू आली ("सूचना, सूचना") तर चित्र आणि शेजारचा शब्द दोघांनाही नाव दिलंय. तिथे चित्र स्क्रीन रीडरपासून लपवायला हवं. "पाठवा बटन, बटन" ऐकू आलं तर कुणीतरी नावातच बटन हा शब्द लिहिलाय, तो स्क्रीन रीडर स्वतःहून जोडतोच. आणि काहीच ऐकू न येता बोट पुढच्या घटकावर गेलं, तर तो सगळ्यात वाईट प्रकार समजा. इथे माणसाला तक्रारही करता येत नाही, कारण तिथे काही आहे हेच त्याला कळत नाही.

आपल्याकडे एक खास प्रकार आढळतो. ॲपची भाषा हिंदी, सूचना मराठीत, नावं कुठेकुठे इंग्रजीत. हिंदी आवाज मराठी वाचतो खरा, पण उच्चार अडखळतात. इंग्रजी आवाज तर देवनागरी अक्षरं कित्येकदा गाळूनच टाकतो. वेबवर त्या त्या मजकुराची भाषा नोंदवायची सोय असते. संपूर्ण पानाची भाषा हिंदी ठेवून मराठी सूचनेच्या चौकटीवर मराठी अशी नोंद करा. काम छोटं आहे, आणि ऐकणाऱ्याला त्याने मोठा आराम मिळतो.

नाव लावलेलं असूनही गळतं कुठे?

पहिली गळती डिझाइन फाइलमधून कोडकडे येताना होते. डिझायनर एसव्हीजी या चित्रप्रकारात आयकॉन बाहेर काढतो आणि ते आकाराने लहान करायला एसव्हीजीओसारख्या साधनातून जातात. या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत मूळ सेटिंगमध्येच दोन कामं आपोआप होत होती: आयकॉनच्या आतलं टायटल (त्याचं नाव) काढून टाकणं आणि व्ह्यूबॉक्स (चित्राच्या मापाची चौकट) काढून टाकणं. टायटल गेलं की त्याच्यावर विसंबलेला आयकॉन मुका होतो. व्ह्यूबॉक्स गेला की आयकॉनची जागा लहान-मोठी केली तरी आतलं चित्र त्या मापाने बदलत नाही: जागा लहान झाली की डबा कापला जातो, मोठी झाली की कोपऱ्यात छोटाच राहतो. चौथ्या आवृत्तीपासून ही दोन्ही कामं मूळ सेटिंगमधून काढली आहेत. पण जुने प्रकल्प जुन्याच आवृत्तीवर चालतात, आणि प्रत्येक नव्या आयकॉन संचाबरोबर तीच कापाकापी पुन्हा होते. तुमची तक्रार बरोबर डिझाइन बदलल्यानंतरच परत येत असेल तर पहिली झडती इथे घ्या. सेटिंगच्या फाइलमध्ये ही दोन्ही कामं बंद करून ती फाइल प्रकल्पाबरोबरच साठवा, म्हणजे मशीन बदललं तरी सेटिंग बदलणार नाही.

तरीसुद्धा माझं मत असं, की नाव आयकॉनच्या फाइलमध्ये ठेवण्यावर भिस्त ठेवूच नये. ह्याच ॲपमध्ये बघा. डब्याचं तेच चित्र एका पानावर "कचऱ्याचं वेळापत्रक" उघडतं आणि दुसऱ्या पानावर "ही सूचना काढून टाका" हे काम करतं. चित्रातच "डबा" लिहून ठेवलं तर दोन्हीकडे फोन "डबा" म्हणणार आणि दोन्हीकडे ते चुकीचं ठरणार. नाव चित्राचं नसतं, कामाचं असतं. म्हणून नाव बटनावर ठेवा आणि आतलं चित्र स्क्रीन रीडरपासून लपवा. मग उद्या डिझायनरने डब्याऐवजी फुली काढली तरी "ही सूचना काढून टाका" जागेवरच राहतं. अपडेटनंतर मुकं होण्याचा त्रास कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

दुसरी गळती डेव्हलपरच्या टेबलावर होते. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोज या स्क्रीन बांधायच्या नव्या पद्धतीत आयकॉनला कंटेंट डिस्क्रिप्शन (वाचायचं नाव) द्यावंच लागतं, ते न देता कोड पुढे जात नाही. पण तिथे "नल" लिहिलं तरी चालतं. घाईत सगळे नल लिहितात. नलचा अर्थ होतो "हे चित्र फक्त शोभेचं आहे, वाचू नका". शोभेच्या चित्राला ते बरोबरच आहे, आणि शेजारी शब्द असेल तरीही बरोबर आहे. एकट्या आयकॉनच्या बटनाला मात्र त्याने तोंड बांधल्यासारखं होतं. जुन्या एक्सएमएल पद्धतीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड लिंट हे कोड तपासणारं साधन नाव नसलेल्या चित्राबद्दल इशारा देतं. तो इशारा नुसता पिवळा न ठेवता एरर करून टाका, म्हणजे नावाशिवाय लिंटची तपासणी पास होणार नाही. रिॲक्टवाल्यांसाठी ईएसलिंटचा जेएसएक्स-ए११वाय प्लगइन हेच काम करतो. कंपोजवाल्यांनी स्वतःचं एक आयकॉन-बटन तयार करावं, ज्यात नाव रिकामं सोडताच येणार नाही, आणि टीममध्ये थेट आयकॉन वापरायला मनाई करावी.

मशीनची तपासणी नाव आहे की नाही एवढंच सांगते. "बटन १२" हे नाव तिला चालतं. ते योग्य आहे का हे माणसानेच ऐकायचं.

तिसरी गळती वापरणाऱ्याच्या फोनवर होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. टॉकबॅकमध्ये मुक्या बटनाला वापरणारा स्वतः नाव देऊ शकतो. सरांनी आमच्याआधी आणखी एका ॲपमधल्या बटनांना अशी नावं लावली होती. पण हे नाव बटनाच्या कोडमधल्या ओळखीशी (आयडीशी) बांधलेलं असतं. डेव्हलपरने अपडेटमध्ये ती ओळख बदलली की माणसाने हाताने केलेली सगळी मेहनत वाया जाते. म्हणून नाव द्यायचंच, पण जुन्या बटनांच्या ओळखी विनाकारण बदलायच्याही नाहीत.

नावात काय लिहावं

काम लिहा, दिसणं लिहू नका. "हिरवा डबा" नको, "ओला कचरा, रोज सकाळी" हवं. घंटेच्या चित्राला "घंटा" नको, "सूचना, ३ न वाचलेल्या" हवं. स्थिती बदलत असेल तर ती नावात कोंबण्यापेक्षा निवडलेलं, न निवडलेलं, उघडं, बंद अशी स्थितीच्या जागी नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती आपल्या पद्धतीने वाचतो. नाव आखूड ठेवा, आणि महत्त्वाचा शब्द आधी. सर फोन इतक्या वेगाने ऐकतात की मला निम्मे शब्द कळत नाहीत, आणि पहिला शब्द कामाचा नसेल तर ते पुढे निघून जातात.

रंगाची तक्रार परत का येते

काकांच्या बाबतीत डिझायनर पहिल्यांदा रंग बदलतो. लाल जरा गडद, हिरवा जरा फिका. पुढच्या दिवाळीला थीम बदलते आणि सगळं पूर्वपदावर.

लाल-हिरव्याचा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो, एक्स गुणसूत्रातून येतो आणि म्हणून पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आहे. अशा माणसाला रंगछटा ओळखता आली नाही तरी उजेडातला फरक कळतो. आता गणित करून बघा. शुद्ध लाल आणि ००८००० या रंग-क्रमांकाचा नेहमीचा हिरवा यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचं गुणोत्तर, जेमतेम १.२८:१ येतो. म्हणजे आपल्याला जे ठळक विरुद्ध रंग वाटतात, ते उजेडाच्या हिशेबाने जवळजवळ एकाच पायरीवर आहेत. मेंटेनन्स भरला की हिरवा ठिपका, थकला की लाल ठिपका: काकांना दोन्ही एकाच मळकट रंगाचे.

चित्रकलेच्या वर्गात डोळे किलकिले करून चित्राकडे बघायला सांगतात, म्हणजे रंग मागे पडतो आणि छाया-प्रकाशाची मांडणी दिसते. इंदूरला १९२७ पासून कलाशाळेची परंपरा आहे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे आणि हुसेन शिकले. त्या गावातल्या डिझायनरला हे नवं नाही. स्क्रीनशॉट कृष्णधवल करून बघा. सहा डबे वेगळे ओळखता येतायत का? नाही आले तर रंगाशी खेळत बसू नका, आकार बदला. ओल्यावर पान, सुक्यावर कागद, प्लास्टिकवर बाटली, ई-कचऱ्यावर प्लग, आणि प्रत्येकाखाली शब्द. रंग राहू द्या, ज्यांना दिसतो त्यांना तो उपयोगीच आहे. मेंटेनन्सला "भरलं" शेजारी बरोबरची खूण आणि "बाकी" शेजारी उद्गारचिन्ह. आता थीम कितीही बदलो, माहिती हलत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये आणि क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये रंगदोषाचं अनुकरण करायची सोय आहे, तीही वापरा.

कॉन्ट्रास्टचे आकडे पाठ असावेत. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराला ४.५:१, मोठ्या मजकुराला ३:१. बटनाची कड, आयकॉन, आलेखातल्या रेषा यांना ३:१. हा नियम २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला आणि आयकॉनवाल्यांनी सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला आहे. पांढऱ्यावर ७६७६७६ हा राखाडी ४.५४ देतो, म्हणजे पास. ७७७७७७ देतो ४.४८, म्हणजे नापास. आयकॉनसाठी ९४९४९४ पर्यंत फिकं जाता येतं, त्याच्या पुढे नाही. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.०७ देतो. उन्हात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून फोन बघणाऱ्या धडधाकट माणसालाही तो दिसत नाही.

काळ्या थीममध्ये आयकॉन गायब

विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम लावली की ब्राउझर मजकूर आणि पार्श्वभूमीचे रंग बदलतो, पण एसव्हीजीत पक्का लिहिलेला रंग तसाच ठेवतो. काळ्या पार्श्वभूमीवर काळा आयकॉन. उपाय: आयकॉनच्या फाइलमध्ये रंगाच्या जागी "करंटकलर" लिहा, म्हणजे तो शेजारच्या मजकुराचा रंग घेतो. नुसत्या सावलीने उठून दिसणारी बटनंही या थीममध्ये सपाट होतात, कारण सावली काढली जाते. त्यांना पारदर्शक का होईना, एक कड द्या, थीम लागली की ती दिसू लागते. नवा आयकॉन संच येतो तेव्हा त्यात परत पक्का रंग असतो, म्हणून ही तपासणी दर वेळी.

पत्रिका जेपीजीत, आणि वेलांटी कापलेली

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची पत्रिका हा आपल्या मंडळांचा जिव्हाळ्याचा विषय. कुणीतरी हौसेने सुंदर पत्रिका करतं आणि तीच जेपीजी ॲपवर चढते. आरती किती वाजता, अथर्वशीर्षाची आवर्तनं कुठल्या दिवशी, मुलांच्या स्पर्धा कधी, सगळं चित्राच्या पोटात. सरांना त्यातलं अक्षरही मिळत नाही, आणि ज्यांना कमी दिसतं ते झूम करतात तेव्हा अक्षरं फुटतात. पत्रिका राहू द्या, पण तिच्याखाली तोच कार्यक्रम साध्या मजकुरात लिहा. संपूर्ण वेळापत्रक आल्टमध्ये भरू नका. तो एका दमात वाचला जातो, मागे-पुढे करता येत नाही. आल्टमध्ये "गणेशोत्सव पत्रिका, कार्यक्रम खाली दिला आहे" एवढं पुरे. अपलोड करणारा दर वर्षी बदलतो, म्हणून ॲपमध्येच असं करा की चित्र टाकताना मजकुराची चौकट रिकामी असेल तर सूचना प्रसिद्ध होणारच नाही.

अक्षर मोठं केल्यावरची तक्रार देवनागरीत जास्त येते. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. बटनाची उंची पक्की ठरवलेली असली की वरची वेलांटी आणि रफार, खालचे उकार कापले जातात. रोमन अक्षरांवर तपासणारा टेस्टर हे कधीच पकडू शकत नाही. उंची पक्की न ठेवता कमीत कमी किती ते ठरवा, आणि "पूर्ती", "कीर्ती", "स्फूर्ती" असे शब्द टाकून तपासा.

हात थरथरणाऱ्यांसाठी एकच सांगते: दाबायची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), आयफोनवर ४४ पॉइंट ठेवा. आयकॉन लहान असला तरी चालेल, भोवतीची जागा मोठी हवी. आणि "काढून टाका" व "पाठवा" एकमेकांना खेटून ठेवू नका. लुकलुकणाऱ्या जाहिराती सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकता कामा नयेत, फेफऱ्याचा त्रास असणाऱ्याला त्याने झटका येऊ शकतो.

ग्राहक म्हणतो, एवढ्याचे पैसे कशाला?

कायदा म्हणून. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि खाजगी सेवा देणारेही त्याच्या कक्षेत येतात. माहिती तंत्रज्ञानासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे ग्राहकाला शांतपणे सांगा. पण त्याआधी टॉकबॅक लावून त्यांच्याच हातात फोन द्या आणि मेंटेनन्स भरून दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात कलमांपेक्षा ते लवकर पटतं.

वही ठेवा

प्रत्येक कामाची एक ओळ असलेला तक्ता करा: काम काय, हिंदीत बोलायचं नाव, मराठीत, इंग्रजीत, कुठला आकार, शेजारी शब्द आहे का. ॲपमधली नावं याच तक्त्यातून यावीत. डिझायनरला नवा आयकॉन हवा असेल तर आधी इथे ओळ, मग चित्र. नावं लिहायचं काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर तेच बटन एका पानावर "हटवा", दुसऱ्यावर "डिलीट", तिसऱ्यावर "काढा" होतं आणि ऐकणाऱ्याला तीन वेगळी कामं वाटतात. अपडेट बाहेर जाण्यापूर्वी ज्यांना खरंच गरज आहे अशा एकदोघांना ते वापरायला द्या आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्या.

एवढं करूनही एखादं बटन मुकंच राहिलं तर त्याच्या बाहेरच्या चौकटी तपासा. बाहेरची एखादी चौकट स्क्रीन रीडरपासून लपवलेली असेल तर आत कितीही चांगलं नाव असलं तरी ते बाहेर येत नाही. पॉप-अप उघडताना मागचं पान लपवतात आणि बंद करताना परत उघडायचं राहून जातं, तिथे हे सर्रास होतं. बटन पॉप-अप उघडून बंद केल्यावरच मुकं होत असेल तर कारण बहुधा हेच आहे. ॲपच्या आत वेबपान उघडत असेल तर ते जुनी साठवलेली प्रत दाखवतंय का तेही बघा. तशा वेळी दुरुस्ती झालेली असते, फक्त फोनपर्यंत पोहोचलेली नसते.